एक ग्रॅमची फेक: ब्लूगिल-क्रॅपीसाठी हलका रॉड आणि छोटे ल्युअर

पहिला ब्लूगिल हातात आला तेव्हा मी कालव्याच्या काठावरूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. आमचं गाव उजनीच्या फुगवट्यावरचं. आईनं दोन सेकंद पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आगं, ही चिलापीच की! एवढ्याशा चिलापीसाठी तिकडं लांब गेलीस व्हय?"

चिलापी नव्हती, पण आईची नजर फारशी चुकलीही नव्हती. तसाच चपटा, उभट अंगाचा मासा, पाठीवर तशीच काट्यांची रांग. ब्लूगिल मात्र अस्सल उत्तर अमेरिकेचा, सनफिश कुळातला. कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाला काळी कानपाळी, पाठीवरच्या पराच्या मागच्या भागात एक काळसर डाग, आणि तोंड इतकं लहान की करंगळीचं टोक जेमतेम शिरेल. त्याचा चुलतभाऊ पंपकिनसीड, त्याच्या कानपाळीला शेंदरी ठिपका असतो. क्रॅपी त्याच कुळातली, पण तोंडानं मोठी आणि स्वभावानं बुजरी. पाठीवरचे टोकदार काटे मोजा: सात-आठ असतील तर काळी क्रॅपी, सहा असतील तर पांढरी. या सगळ्यांना मिळून इथले लोक पॅनफिश म्हणतात. तव्यात अख्खा मावतो तो पॅनफिश.

मी मध्य न्यू जर्सीत राहते आणि माझे बहुतेक शनिवार डेलावेअर-रॅरिटन कालव्यावर जातात. १८३४ साली खुला झालेला हा कालवा मुख्यतः आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यानं खणला. पेन्सिल्व्हेनियाचा कोळसा यातून न्यूयॉर्कच्या दिशेनं जायचा. १९३२ नंतर बोटी बंद झाल्या आणि आता यातून पिण्याचं पाणी वाहतं. ज्या वाटेवरून खेचरं बोटी ओढत चालायची, तिच्यावरून आता सायकली जातात आणि संध्याकाळी स्नीकर्स घातलेल्या आपल्याकडच्या आज्याही जातात. पाणी संथ, खोली फार तर सात-आठ फूट, दोन्ही काठांवरून झाडं वाकलेली. हलक्या रॉडला याहून चांगली शाळा नाही. पुढं जे लिहितेय ते याच पाण्यावर शिकलेलं आहे, पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या किंवा मध्य-पश्चिमेतल्या कुठल्याही तळ्यावर चालेल.

गळाला गांडूळ लावून मासे धरणं आपल्यापैकी अनेकांना येतं. इथं आमिष खोटं, म्हणजे ल्युअर, वजनानं ग्रॅमभर, आणि ते पाण्यात जिवंत वाटायला हवं. फरक तेवढाच, पण त्या फरकानं माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला.

आधी दोरा, मग बाकी सगळं

पहिल्या वर्षी मी एका मोठ्या दुकानातून रॉड, रीळ आणि आधीच भरलेली लाइन असा तयार संच आणला. लाइन होती ८ पाउंडी, म्हणजे ८ पाउंडांच्या ताणापर्यंत तुटू नये अशी. मी तिला एक इवलासा जिग, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ, बांधला आणि जोर लावून फेकला. तो दहा फुटांवर पडला आणि रिळावरून स्प्रिंगसारखे वेढे सुटून गुडघ्यांशी गुंता झाला. मला वाटलं, मनगट चुकतंय. जून गेला, जुलै गेला. शेवटी शेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी न बोलता माझ्या रिळावरून हातभर लाइन ओढली आणि सोडून दिली. तिची लगेच गुंडाळी झाली. "दिस इज रोप," एवढंच म्हणाले.

१/३२ औंसाचा जिग म्हणजे सुमारे ०.९ ग्रॅम. इथलं डाइमचं नाणं २.२७ ग्रॅम भरतं, म्हणजे जिग त्याच्या निम्माही नाही. फेकल्यावर रिळावरची लाइन बाहेर ओढायला दुसरं कुणी नसतं, हा एक ग्रॅमच ती ओढत नेतो. लाइन जाड असली, वळी पडलेली असली, तर तो बिचारा अर्ध्यातच दमतो. पतंगाला मांज्याऐवजी सुतळी बांधून बघा, तोच प्रकार.

म्हणून ४ पाउंडी नायलॉन मोनो घ्या. आपण गावाकडं ज्याला तंगूस म्हणतो तेच, फक्त बारीक. दहातल्या नऊ वेळा तेच पुरतं. पाणी फार नितळ आणि मोकळं असेल तर २ पाउंडी. ओंडके-फांद्यांची दाटी असेल तर नाइलाजानं ६. फ्लोरोकार्बनचा दोरा पाण्यात कमी दिसतो हे खरं, पण तो ताठर असतो आणि छोट्या रिळावर उसळतो. विणलेली ब्रेड लाइन बारीक आणि मजबूत असते. ती जरा ढिली पडली की चार वेढे एकदम सुटतात आणि वाऱ्यात त्यांची जी गाठ बसते ती सोडवण्यापेक्षा कापलेली बरी. नवशिक्यानं मोनोवर राहावं. आणि दर वसंतात ती बदलावी. चार डॉलर वाचवून वर्षभर चिडचिड करण्यात अर्थ नाही.

लाइन भरतानाच पुढचे निम्मे गुंते टळतात. दुकानातलं लाइनचं चाक जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. लाइनचं टोक रिळाच्या स्पूलला (ज्यावर लाइन गुंडाळली जाते तो भाग) बांधा, दोन बोटांत ओला फडका धरून त्यातून लाइन जाऊ द्या आणि दहा-पंधरा वेढे घ्या. मग थांबून लाइन ढिली सोडा. तिला पीळ बसत असेल तर चाक उलटं करा आणि पुढं भरा. स्पूलच्या कडेपासून ३ मिलिमीटर खाली आलं की बस्स. कमी भरलं तर प्रत्येक वेढा कडेला घासून बाहेर पडतो आणि फेक आखूड होते. जास्त भरलं तर सगळं एकदम सांडतं.

रॉड आणि रीळ

यावर मी फार लिहिणार नाही, कारण लोक इथंच नको तेवढा वेळ आणि पैसा घालवतात. मुठीच्या वर बारीक अक्षरांत 'अल्ट्रालाइट' लिहिलेला, साडेपाच ते साडेसहा फुटांचा रॉड घ्या. त्याच ओळीत ल्युअरचं वजन लिहिलेलं असतं. खालची मर्यादा १/३२ औंस असेल तर उत्तम. दुकानात टोक हलवून बघा: वरचा एक तृतीयांश भाग सहज वाकला पाहिजे. एक ग्रॅमला वाकवता येईल असंच टोक हवं, कारण वाकलेलं टोक सरळ होताना ल्युअरला ढकलतं. ताठ रॉडला एवढंसं वजन जाणवतच नाही. झाडीखाली आखूड रॉड, मोकळ्या तळ्यावर लांब.

रीळ उघड्या तोंडाचं स्पिनिंग, १००० आकाराचं. ड्रॅग, म्हणजे ताण वाढल्यावर लाइन सोडणारी यंत्रणा, अडखळता कामा नये. लाइन हातानं ओढून बघा. ती हिसके देत सुटली तर दुसरं रीळ मागा.

डब्यात काय असावं

माझ्या डब्यात पन्नासेक ल्युअर आहेत, वापरते पाचच.

जिग सगळ्यांत आधी. १/३२ आणि १/१६ औंसाचे घ्या, गळ ८ किंवा १० नंबरचा. आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. त्यावर इंच-दीड इंचाचा मऊ प्लॅस्टिकचा किडा चढवायचा. शेपूट वळलेला असला तर ओढताना फडफडतो. पांढरा, पोपटी-पिवळा आणि काळा हे तीन रंग पुरेत. पाणी गढूळ असेल तर पोपटी किंवा काळा, एरवी पांढरा. किडा गळावर सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला की तो पाण्यात गरगरतो आणि मासा लांबूनच ओळखतो.

मऊ पिसांचा मॅराबू जिग माझा आवडता. तो नुसता लटकत असला तरी पिसं श्वास घेतल्यासारखी हलतात. थंड पाण्यात, मासे आळसावलेले असताना, याच्यासारखा दुसरा नाही.

अगदीच नवखे असाल, किंवा सोबत मूल असेल, तर फिरत्या पात्याचा स्पिनर घ्या: मेप्सचा ० किंवा ०० नंबर, नाहीतर १/१६ औंसाचा रूस्टर टेल. टाका आणि हळू गुंडाळा, बाकी काम पातं करतं. सेफ्टी पिनेसारख्या तारेवर पातं लटकवलेला बीटल स्पिन शेवाळात कमी अडकतो. पाचवा फ्लोट. आपण बूच लावायचो तसाच, फक्त त्याखाली गांडुळाऐवजी जिग.

शिशाबद्दल सांगायलाच हवं. काका शिशाचे मणी दातानं चावून तंगुसाला बसवायचे, मीही बसवलेत. तसं करू नका. न्यूयॉर्क राज्यात अर्धा औंस आणि त्याखालच्या शिशाच्या वजनांची विक्री २००४ पासून बंद आहे. मॅसॅच्युसेट्सच्या गोड्या पाण्यात एक औंसाखालची शिशाची वजनं आणि जिग २०१२ पासून वापरता येत नाहीत. कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेनं मरतात. टंगस्टनचे जिग थोडे महाग पडतात. पण टंगस्टन शिशाहून जड असल्यानं तेवढ्याच वजनाचा जिग आकारानं लहान होतो, आणि इवल्या तोंडाच्या माशासाठी तो फायदाच आहे.

गाठ

एकच गाठ नीट शिका, इथले लोक तिला इम्प्रूव्ह्ड क्लिंच म्हणतात. लाइनचं टोक जिगच्या डोळ्यातून काढा, मूळ लाइनभोवती पाच वेढे द्या, टोक परत डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला आणि त्यानं जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढा. आता थुंकी लावून ओलं करा आणि हळू आवळा. कोरडी गाठ आवळली तर घर्षणानं तापून तिथंच कमकुवत होते, आणि ४ पाउंडीत कमकुवत व्हायला फारशी जागाच नसते. जिगला मधे क्लिप वगैरे काही लावू नका. स्पिनर असेल तर मात्र त्याच्या दीड फूट वर एक छोटा फिरता स्विव्हल बांधा, नाहीतर पात्याबरोबर लाइनही पीळ खात बसेल.

फेक

पहिला सराव पाण्यावर नको. घरामागच्या गवतावर परात ठेवा, जिगचा गळ पक्कडीनं तोडून टाका आणि वीस फुटांवरून परातीत टाकत राहा. वीसच. ब्लूगिल काठाजवळ राहणारा मासा आहे. तो पायांपासून दहा-वीस फुटांवर, बुडालेल्या फांदीखाली उभा असतो आणि नवशिके त्याच्या डोक्यावरून पन्नास फूट पलीकडं फेकतात. लांब जाण्यापेक्षा नेमकं पडणं महत्त्वाचं.

आता हातात रॉड घ्या.

१. रिळाचा दांडा मधलं बोट आणि अनामिकेच्या मधे येऊ द्या. रीळ खालच्या बाजूला. मूठ पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखी.

२. जिग टोकापासून फूट-सव्वा फूट खाली लोंबकळू द्या. जड ल्युअरला सहा इंच पुरतात. हलक्याला जास्त झोका लागतो, तरच टोक वाकतं.

३. तर्जनीच्या पहिल्या पेरावर लाइन उचलून धरा, दुसऱ्या हातानं रिळाची तारेची कमान उघडा. आता लाइन फक्त तुमच्या बोटानं रोखलेली आहे.

४. रॉडचं टोक परातीकडं रोखा. कोपर अंगाजवळ. मनगटानं टोक झपकन मागं न्या, घड्याळातल्या एक वाजेपर्यंत, आणि न थांबता पुढं आणा. या न थांबण्यातच सगळं आहे. मागं थांबलात तर वाकलेलं टोक सरळ होऊन जातं आणि साठवलेली ताकद वाया जाते.

५. टोक दहा-अकरा वाजण्याच्या जागी आलं की बोट सोडा. जिग आकाशात गेला तर बोट लवकर सुटलं. पायाशी आपटला तर उशिरा.

६. जिग उडत असताना तर्जनी स्पूलच्या कडेजवळ आणा, सुटणाऱ्या लाइनला हलकेच शिवू द्या. परातीवर आला की बोट टेकवा. तो जागेवर अलगद पडेल आणि मागची लाइन सरळ राहील.

७. कमान हातानं बंद करा, रिळाचं हँडल फिरवून नको. मग डाव्या हातानं लाइनची ढील ओढून घ्या, तेव्हाच गुंडाळायला लागा. ही सवय लागली की तीन महिन्यांनी येणारे गुंते येतच नाहीत. ढिली लाइन स्पूलवर गेली की तो वेढा वर उभा राहतो आणि पुढच्या कुठल्या तरी फेकीत दहा वेढे सोबत घेऊन बाहेर पडतो.

ज्यानं लहानपणी पतंग उडवलाय त्याला यातली अर्धी गोष्ट आधीच येते. ढील कधी आणि खेच कधी, हे बोटाला कळतं.

कालव्यावर मात्र डोक्यावरून फेकायला जागाच नसते, वर सायकमोर आणि मेपलच्या फांद्या. तिथं धनुष्यबाणाची फेक वापरा. रॉडच्या दोन तृतीयांश लांबीएवढी लाइन सोडा. तर्जनीनं लाइन रोखा, कमान उघडा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत जिगचं डोकं धरा, गळाचं टोक बोटांपासून बाहेरच्या बाजूला. रॉड समोर रोखून जिग मागं ओढा, म्हणजे टोक धनुष्यासारखं वाकेल. आता चिमूट सोडा आणि लगोलग तर्जनीही. जिग पाण्याला समांतर, फांद्यांखालून, थेट सावलीत घुसतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच हसले होते. एकदा घाईत डोक्याऐवजी गळाचा वाक धरला, आणि उरलेली दुपार अंगठा चोखत गेली.

वारा समोरून असेल तर टोक खाली ठेवून आडवी फेक करा आणि १/३२ च्या जागी १/१६ लावा. तेवढ्यानं भागत नसेल तर जागा बदला. एक ग्रॅमनं वाऱ्याशी भांडू नये.

पाण्यात पडल्यावर

फेक आठवड्यात येते, हे यायला वर्ष लागतं.

जिग पडला की गुंडाळू नका. मोजा. १/१६ चा जिग ४ पाउंडी लाइनवर साधारण सेकंदाला एक फूट खाली जातो, १/३२ चा त्याहून बराच सावकाश. पहिल्या फेकीत तीनपर्यंत मोजून ओढा, दुसऱ्यात पाचपर्यंत, तिसऱ्यात सातपर्यंत. ज्या आकड्यावर टिचकी बसेल तो लक्षात ठेवा, कारण त्या खोलीवर एकटा मासा क्वचितच असतो. क्रॅपीसाठी एक दुरुस्ती: तिची नजर वर असते आणि ती खालून वर येऊन खाते. जिग तिच्या थोडा वर राहिला पाहिजे. खाली गेलेला जिग ती बघतही नाही.

मग हळू. तुम्हाला जे हळू वाटतं त्याच्या निम्मं. दोन वळसे, टोकाला एक बारीक झटका, थांबा. जिग खाली जाऊ द्या. ब्लूगिल जिगच्या मागं येतो, चार इंचांवर थांबतो, डोळे लावून बघत राहतो आणि मग तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. चव आवडली नाही तर तितक्याच झटक्यात थुंकतो. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड काचांचा चष्मा लावून उथळ पाण्यात हे सगळं दिसतं. एक पूर्ण सकाळ नुसतं बघण्यात घालवा, गळ न टाकता. त्याचं हे थांबणं एकदा पाहिलं की हात आपोआप सावकाश होतो.

बहुतेक घास जिग खाली जात असतानाच बसतो आणि तो हाताला कळत नाही, लाइनला कळतो. पाण्यात शिरते तिथं लाइनवर नजर ठेवा. ती बाजूला सरकली, उडाली, किंवा पाच मोजण्याआधीच थांबली, तर मासा आहे. हिसका देऊ नका. मनगट नुसतं वर उचला. क्रॅपीच्या ओठांची कातडी तर कागदासारखी, जोरानं ओढलंत तर गळ ओठ फाडून रिकामा हातात येतो.

नुसतं टुकटुक होतंय आणि मासा लागत नाहीये? छोटे ब्लूगिल शेपटीला चावताहेत. कात्रीनं प्लॅस्टिकचा मागचा अर्धा इंच उडवा. तरीही नाही, तर फ्लोट लावा. दोन-अडीच फुटांवर जिग, फेका, दहापर्यंत काहीच करू नका, मग फ्लोट हातभर ओढा, पुन्हा थांबा. अंगठ्याएवढ्या तीन माशांमागून तळव्याएवढा एक येतोच असं नाही. लहानच लागत असतील तर थोडं खोल जा किंवा पुढच्या झाडाकडं चला. मोठे ब्लूगिल पिल्लांच्या घोळक्यात सहसा राहत नाहीत.

कधी आणि कुठे

पाणी १६ अंश सेल्सियसच्या आसपास आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाकडं येतात. न्यू जर्सीत हे वसंताच्या मध्यावर घडतं. ब्लूगिलला १९-२० अंश लागतात, म्हणजे मेचा शेवट आणि जून. पाचेक डॉलरचा पाण्याचा थर्मामीटर महागड्या रिळापेक्षा जास्त मासे देतो.

जूनमध्ये उथळ पाण्यात, वाळू-खडीच्या तळावर, ताटाएवढे गोल फिकट खळगे दिसतील, शेजारी-शेजारी, पंगतीला मांडल्यासारखे. ती ब्लूगिलची घरटी. प्रत्येकावर एक नर शेपटीनं तळ झाडत आणि येईल त्याच्यावर धावून जात पहारा देतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण बापाकडं. या दिवसांत तो जिगला भुकेनं नाही, रागानं चावतो, त्यामुळे कुणीही पकडू शकतो.

आणि म्हणूनच इथं हात आवरायला हवा. ब्लूगिलच्या नरांत दोन चाली असतात. काही नर मोठे होऊन घरटं बांधतात. काही लहानपणीच वयात येतात, घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाहीत आणि मोठ्या नराची पाठ वळली की घरट्यात घुसून आपलं बीज टाकून पसार होतात. यांतले काही तर मादीसारखे दिसतात आणि राखणदाराच्या डोळ्यांदेखत आत शिरतात. मोठे राखणदार नर आपण बादल्या भरून नेले की उरलेल्यांना मोठं व्हायची गरजच राहत नाही, आणि काही वर्षांत तळं अंगठ्याएवढ्या माशांनी भरतं. मी घरट्यांवरून एकही मासा घरी नेत नाही. मजेपुरते दोन-चार धरून लगेच सोडते, कारण बाप दूर असेपर्यंत बाकीचे मासे अंडी खातात.

जुलै-ऑगस्टच्या दुपारी मोठे मासे खोल पाण्यात, पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेला जातात. तेव्हा पहाटे या किंवा सूर्य कलल्यावर. कालव्यावर लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली घ्यायच्या जुन्या दरवाजांच्या, दगडी भिंती, पुलांच्या सावल्या आणि पाण्यात पडलेली झाडं, या तीन जागा आधी बघा. भिंतीला समांतर टाका, भिंतीकडं नको. मग जिग सगळा वेळ माशांच्या वाटेत राहतो.

परवाना आधी काढा. न्यू जर्सीत १६ ते ६९ वयाच्या सर्वांना तो लागतो आणि ऑनलाइन मिळतो. कालव्याच्या काही भागांत वसंतात ट्राउट मासे सोडतात. ट्राउटसाठी वेगळा स्टॅम्प आणि वेगळे नियम आहेत, त्या वर्षीची पुस्तिका वाचून जा. आणि पायजमा मोज्यांत खोचा, काठावरच्या गवतात हरणांच्या गोचिडी असतात आणि त्यांतून लाइम रोग होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत आणि केसांत बघा. तीन-तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर तिच्यावर बसू नका, ती पॉयझन आयव्ही, अंगाला खाज आणणारी.

मासा हातात आल्यावर

हात ओला करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. तळहात डोक्याकडून शेपटीकडं फिरवा, म्हणजे पाठीवरचे काटे मिटून बसतात. उलटा फिरवलात तर काटे सांगतीलच. इवल्या तोंडातून गळ काढायला बोटं कामाची नाहीत, दवाखान्यात असतो तसा लांब चिमटा ठेवा. गळाचा मागचा काटा पक्कडीनं आधीच चेपून टाकलात तर गळ क्षणात सुटतो. मासे थोडे जास्त निसटतात, मला चालतं. गळ घशात गेला असेल तर ओढाओढ न करता लाइन कापा.

खायचे असतील तर सात-आठ इंचांचे, आणि त्या पाण्यासाठी राज्यानं माशांतल्या पाऱ्याबद्दल काय सल्ला दिलाय तो बघून. चमच्याच्या कडेनं शेपटीकडून डोक्याकडं खवले काढा, पोट साफ करा, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्या. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर. नवरा माळकरी घरातला, त्यामुळे आमच्याकडं हा कार्यक्रम घरामागच्या शेगडीवर होतो. काटे मुडदुशीइतके बारीक नाहीत, पण लहान मुलांना सोलून द्या.

घरी परतल्यावर दोन कामं उरतात. लाइनचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांत धरून ओढा. खरखर लागली तर तेवढा कापून टाका, दगडावर घासलेली ४ पाउंडी लाइन पुढच्या मोठ्या माशाला तुटते. आणि ल्युअरचा डबा उघडा ठेवून रात्रभर वाळू द्या. मी एका पावसाळी शनिवारी तो तसाच बंद करून गाडीत टाकला होता. पुढच्या शनिवारी उघडला तर अकरा जिगांचे गळ तांबडे झाले होते आणि मॅराबूच्या पांढऱ्या पिसांवर गंजाचे डाग.